माझ्या उंचीचं टेबल

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी एक बाई माझ्याकडे आली. तिशीची असेल. तिच्या पाठीच्या मणक्याला टीबी झाल्याचं नुकतंच कळलं होतं. मला वाटलं, ती विचारेल की यातून माणूस वाचतो का, पाय जातात का, गोळ्यांनी उलट्या होतात का. तिनं यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "ताई, तुम्ही भाकरी कशी थापता?"

मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. कारण आजार कळला त्या दिवशी मीही डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारला होता. तिला मी आत नेलं आणि माझं टेबल दाखवलं. त्यावर उभ्यानं भाकरी थापून दाखवली. हे टेबल मी स्वतः केलंय. करवत मी चालवली, रंधा मी मारला, पाय मी बसवले. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो झाकून ठेवायचा माझा स्वभाव नाही. ती गेल्यावर वाटलं, हे सगळं लिहूनच ठेवावं. औषधांचं डॉक्टर सांगतील. बाकीचं मी सांगते.

फोटो

आमचं घर जळगावात, दोन खोल्यांचं. मागे छोटं अंगण, अंगणात कडुनिंब. हे एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर. मी घरी बायकांचे ब्लाउज शिवायची. ही ऐंशी-नव्वदच्या मधली गोष्ट. गॅसचा नंबर अजून लागायचा होता. स्टोव्ह जमिनीवर आणि स्टोव्हसमोर पाटावर मी, असा आमचा संसार.

पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी दोष शिलाई मशीनला दिला. बाम चोळला, मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. संध्याकाळी अंग कसकसायचं, तर म्हटलं दमल्यानं असेल. मी बारीक होत चालले होते. माझे स्वतःचे ब्लाउज मी दोनदा आत घेतले, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. दुसऱ्या कुणाचे असते तर मी लगेच विचारलं असतं, काय गं, आजारी होतीस का?

एका सकाळी भाकऱ्या आटोपून पाटावरून उठायला गेले आणि उठताच येईना. पाय माझेच, पण माझं ऐकेनात. ह्यांनी मला उचलून रिक्षात घातलं आणि स्वतः सायकलवरून रिक्षाच्या मागे मागे आले. दवाखान्यात पाठीचा फोटो काढला. हाडांच्या डॉक्टरांनी तो खिडकीसमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, मणका किडलाय, टीबी आहे, पण हा बरा होतो. मग त्यांनी पथ्य सांगितलं. वर्षभर आडवं राहायचं, फळीवर. आणि बरं झाल्यावरही जमिनीवर बसून कामं करायची नाहीत, कमरेतून वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"कायमचं समजा."

मी म्हटलं, "डॉक्टर, मग भाकरी कशी थापायची?"

त्यांनी हातातला फोटो खाली ठेवला. बाई मरणाच्या दारातून परत येण्याची गोष्ट चाललीय आणि हिला भाकरी सुचतेय, असं त्यांना वाटलं असणार. पण मी मनातल्या मनात माझं घर फिरून आले होते. स्टोव्ह खाली, विळी खाली, काठवट खाली, भांडी खाली, धुणं खाली. जमिनीवर बसायचं नाही म्हणजे मी त्या घरात नेमकं करायचं तरी काय?

धरणगावहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या धाकट्या दिरांकडे राहायच्या. टीबी हा शब्द ऐकून शेजारच्या बायका दारातूनच परत फिरल्या होत्या. अक्कांनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "टीबी शे ना? मंग त्यानं औषधबी शे ना?" एवढं बोलून त्या पदर खोचून कामाला लागल्या.

फळीवर

सुरुवातीचे काही आठवडे दवाखान्यात गेले. तिथला दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचा. फरशी पुसली जायची, मग थर्मामीटर, मग इंजेक्शन. रोज एक, आज ह्या बाजूला, उद्या त्या बाजूला. गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा मी किंचाळले होते, कारण आधी कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगून ठेवते, होते तशी, घाबरू नका. डॉक्टर फेरीला आले की सगळ्या पेशंट शाळेतल्या मुलींसारख्या गप्प व्हायच्या. दुपारी भेटायला लोक यायचे आणि प्रत्येकाच्या हातात केळी. जळगावात आजाऱ्याला दुसरं काही आणतच नाहीत. माझ्या खाटेखाली केळ्यांचा ढीग साठायचा आणि तो सगळा वॉर्ड खायचा.

छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर घातलं. आत खाज सुटायची आणि हात पोचायचा नाही. वॉर्डातल्या एका आयाबाईंनी घरून स्वेटरची सुई आणली आणि दुपारी कुणी नसताना प्लास्टरच्या आत घालून हळूच खाजवून दिलं. ते सुख मी जन्मात विसरणार नाही. नर्सला कळलं असतं तर दोघींना बोलणी बसली असती.

भीती पायांची होती. रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी मी पायाचा अंगठा हलवून बघायची. हलला की डोळे उघडायची. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं.

घरी आणलं तेव्हा खाटेच्या सुतळ्या काढून त्यावर जाड फळी टाकली होती. फळीवर सतरंजी, सतरंजीवर मी. वर पत्रे, बाजूला भिंत. उजव्या हाताला फळीची कड यायची, ती खरबरीत होती आणि बोटाला कुसळं टोचायची. माझी लाकडाशी ओळख तिथून झाली, आणि ती काही चांगली नव्हती.

घरातले आम्ही

आजारपणात सगळं घर प्रेमानं एकत्र येतं असं लोक लिहितात. आमच्याकडे भांडणंही झाली. हे वर्कशॉपमधून थकून यायचे आणि माझं डोकं धुऊन द्यायचे, वेणी घालायचे. ती वेणी दोरखंडासारखी व्हायची आणि मी चिडायची. आमची कल्पना तेव्हा पहिलीत होती. तिला माझ्या आईनं शिंदखेड्याला नेलं. आई जाताना माझ्या कपाळावरून हात फिरवून म्हणाली, "रडू नको पोरी, बठ्ठं नीट व्हई जाई." ती स्वतः मात्र रिक्षात बसेपर्यंत रडत होती.

पुढे माझा भाऊ आला, मला माहेरी न्यायला. हे म्हणाले, जा थोडे दिवस, तिथं तुझी आई आहे. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांची रजा संपली होती, घर विस्कटलं होतं. पण मला जायचं नव्हतं. आमच्याकडे आजारी सून माहेरी गेली की ती परत येईलच असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही. मी भिंतीकडे तोंड केलं. प्लास्टरमुळे नीट वळताही येईना. तेवढ्यात अक्का भावाला चहा देत म्हणाल्या, "ती आठेच बरी व्हई. मी शे ना." इथेच म्हणजे इथेच, विषय संपला. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं मला कधी लागलं नाही, आणि बोलायच्या तर त्या भरपूर.

एका गोष्टीत मात्र त्यांनी मला दुखावलं. आमच्या घराण्यात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी चौरंगावर मांडायची, तिला नथ, बांगड्या, हिरवं लुगडं. घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच एकत्र बसून खायचे. हे थोरले, म्हणून कानबाई माझ्या घरी बसायची. रोट मी लाटायची. सगळी भावकी जळगावला यायची आणि दोन दिवस त्या दोन खोल्यांत माझा शब्द चालायचा. मी फळीवर असताना श्रावण आला आणि अक्का म्हणाल्या, "औंदा कानबाई धरणगावले बसाडसूत." ते बरोबरच होतं. पण परत आल्यावर त्यांनी सांगितलं की धाकटीनं छान केलं, आता तिकडेच बरं पडेल. मी हूं म्हटलं. मनात म्हटलं, उठू तर द्या मला.

पॉलिश पेपर

सुरुवात अगदी क्षुल्लक झाली. फळीची कड टोचते म्हणून मी कुरकुर केली, तेव्हा ह्यांनी वर्कशॉपमधून पॉलिश पेपरचा तुकडा आणून दिला आणि म्हणाले, घास हवं तेवढं. मी घासत बसले. म्हणजे घासत पडले. उजवा हात जेवढा पोचेल तेवढी कड मी कित्येक दुपारी घासली. आधी जाड पेपर, मग बारीक. एके दिवशी बोट फिरवलं तर कड चकचकीत गुळगुळीत. इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा काहीतरी केलं होतं. आल्या-गेल्याला मी तिथं बोट फिरवायला लावायची.

मग हे खोक्यांच्या फळ्यांचे तुकडे आणू लागले. पाण्याचा पेला आणि गोळ्यांची डबी राहील अशी एक छोटी पेटी त्यांनी खिळे मारून जोडली आणि मी घासून गुळगुळीत केली. ज्यांना घरात लाकडाचं काही करून पाहायचंय, आजारी असोत की धडधाकट, त्यांना माझं हेच सांगणं आहे की सुरुवात घासण्यापासून करा. लाकूड उभं कुठून वाहतं, आडवं कुठं अडतं, हे हाताला आधी कळू द्या. करवत नंतर. आणि नाकाला फडकं बांधा, विशेषतः आमच्यासारख्यांनी.

दसऱ्याच्या सुमारास प्लास्टर निघालं आणि लोखंडी पट्ट्यांचा पट्टा कमरेला आला. मी उभी राहिले. पाय लटपटत होते, अक्का एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला. खरं सांगते, मी त्या दिवशी रडले नाही. मी स्वयंपाकघराकडे बघत होते आणि सगळं किती खाली आहे हे मला वरून दिसत होतं.

मी ह्यांना म्हटलं, मला उभ्यानं भाकरी थापायचं टेबल हवंय. ते म्हणाले, सुताराला सांगू. मी म्हटलं, नाही, आपण करू. ह्यांना वाटलं गंमत करतेय. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, पण परवानगी दिली. काम कमरेच्या उंचीवर हवं, वाकायचं नाही, दमलं की थांबायचं. रंधा मारायला नवऱ्याला लावा, म्हणाले.

आता अडचण पाहा. आमच्याकडचे सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायांत धरून काम करतात. ते मला बंद. टेबल करायला आधी टेबल पाहिजे. शेवटी माझी फळीच कामाला आली. अंगणात दोन लोखंडी ड्रम उभे केले, त्यावर ती फळी टाकली, वर दगड ठेवून पक्की केली. जिच्यावर मी महिनोन् महिने पडून होते, तिच्यावर मी आता लाकूड आडवं पाडत होते. मला त्याचा फार आनंद व्हायचा.

टेबल किती उंच करायचं? ह्यांनी वर्कशॉपच्या टेबलाचं माप सांगितलं. मी ते ऐकलं नाही. पट्टा बांधून भिंतीला पाठ लावून उभी राहिले, भाकरी थापताना हात जिथे येतील तिथे धरले आणि ह्यांना तळव्यांखाली भिंतीवर पेन्सिलची रेघ मारायला लावली. ब्लाउज शिवताना आपण बाईचं माप घेतो, दुकानातल्या पुतळ्याचं घेत नाही. टेबलाचंही तसंच.

निंबाचं टेबल

लाकूड कुठलं? अक्का म्हणाल्या, अंगणातच तर आहे. "निंबले कीड लागस नही." झालं. कडुनिंबाची एक जाड फांदी उतरवली, लाकडाच्या गिरणीत नेऊन कापून आणली आणि आठवड्याभरात आम्ही कामाला लागलो. लाकूड ओलं होतं, करवत लोण्यासारखी चालायची. आम्हाला वाटलं, आपल्याला किती सहज जमतंय.

ह्यांची तर कळी खुलली होती. लेथवरचा माणूस. इंचाच्या हजाराव्या भागाला वर्कशॉपमध्ये थाऊ म्हणतात, आणि हे घरी व्हर्निअर घेऊन आले. पायाच्या टोकाला सुतार ज्याला कुसू म्हणतात ते, जिभेसारखं, काढायचं आणि चौकटीतल्या खाचेत ते बसवायचं. हे व्हर्निअर लावायचे, दोन थाऊ जास्त म्हणायचे आणि कानशीनं घासायचे. मी म्हणायची, थोडी माया ठेवा. शिवणात आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतो त्याला माया म्हणतात, म्हणजे पुढे उसवायची वेळ आली तर वाव राहतो. ते म्हणायचे, हे काय परकर-पोलकं आहे? कुसू खाचेत असं बसलं की हातोडीशिवाय निघेना. ह्यांनी ते गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना दाखवलं.

संक्रांतीच्या सुमारास मी त्यावर पहिली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापली. चंद्रावर गेल्यासारखं वाटलं. कल्पना शिंदखेड्याहून परत आली होती, ती टाळ्या वाजवत होती. मी त्याच दमात अक्कांना म्हटलं, येत्या श्रावणात कानबाई इथे. रोट मी लाटीन, इथे उभी राहून.

अक्कांनी तोंडातला घास गिळला. "देवी खाले बसी, आन तू तिन्हा वर उभी राहीसन रोट लाटशी?"

त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, हेच वाईट होतं. नैवेद्य देवीच्या वर उभं राहून करायचा नाही, खाली बसून करायचा, हे मलाही लहानपणापासून माहीत होतं.

त्यात चैत्र आला. खान्देशातला उन्हाळा बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुपारी पत्रे कडकड वाजायचे आणि माझं टेबलही वाजायला लागलं. फळ्यांना भेगा गेल्या, एक पाय पीळ घातल्यासारखा फिरला. हजाराव्या भागापर्यंत मोजलेलं ते कुसू खाचेत असं सैल झालं की टेबल हलवलं की पाय हातात येई. भाकरी थापायची म्हणजे हाताला खालून पक्का आधार हवा. इथे प्रत्येक थापेला टेबल डुलायचं आणि भाकरी एका बाजूला जाडी, दुसऱ्या बाजूला फाटकी. अक्का धरणगावहून आल्या होत्या. त्यांनी बघून घेतलं आणि म्हणाल्या, "हाई टेबल शे का पाळणा?"

व्हर्निअर मुकाट्यानं वर्कशॉपमध्ये परत गेला.

दुसरं टेबल

मी खचले का? दोन दिवस खचले. पट्टा घालून, नाकाला फडकं बांधून, इतक्या दुपारी घातल्या होत्या त्या पाळण्यासाठी. पण एक फरक होता. आजारपणात मी जे पडून सोसलं होतं, त्यात माझ्या हातात काहीच नव्हतं. इथे कुठं चुकलं ते समोर दिसत होतं. ओलं लाकूड वाळताना आकसतं, आणि वाळायला त्याला कुणी वेळच दिला नव्हता.

मग आम्ही वखारीत गेलो, मोडीत निघालेल्या घरांच्या चौकटी आणि दारं जिथे विकतात तिथे. जुनं सागवान. कित्येक उन्हाळे खाऊन बसलेलं, त्याला आता नवीन काय आकसायचंय? त्यात जुने खिळे लपलेले असतात आणि करवतीचे दात मोडतात. ह्यांनी वर्कशॉपमधून लोहचुंबक आणून प्रत्येक तुकड्यावरून फिरवलं. ह्या वेळी मापं मी घेतली आणि कापायला खुणा मी केल्या, रेघेच्या बाहेरून, माया ठेवून. मग थोडं थोडं घासत आत आणायचं. वरच्या फळ्या मी एकमेकींना घट्ट चिकटवल्या नाहीत, मध्ये जरा फट ठेवली, म्हणजे पावसाळ्यात फुगल्या तरी भांडायच्या नाहीत. कुसू खाचेत बसल्यावर वरून छोटी पाचर ठोकली. रंधा सुरुवातीला हे मारायचे. मग मी मारू लागले, थोडा वेळ, सरळ उभी राहून. रंध्यातून सागाच्या पापुद्र्यांच्या गुंडाळ्या निघायच्या आणि कल्पना त्या बांगड्या म्हणून हातात घालायची.

गोळ्या चालूच होत्या. हे मुद्दाम लिहिते. बरं वाटायला लागलं की गोळ्या कडू लागायला लागतात. मीही एकदा सोडायच्या बेतात होते. ह्यांनी माझ्यापुढे ते निंबाचं टेबल हलवून दाखवलं आणि म्हणाले, वाळायच्या आधी उठलं की असं होतं. मी गोळी घेतली.

पहिला पाऊस पडायच्या आत टेबल उभं राहिलं. वर तेल चोळलं. आषाढात अक्का आल्या. पिशवी ठेवली, हात धुतले आणि टेबलापाशी गेल्या. दोन्ही तळवे टेकवले आणि सगळा भार देऊन ते हलवायला लागल्या. पुढे, मागे, बाजूला. मी दारात उभी. टेबल जागचं हललं नाही. मग त्यांनी काठवट वर घेतली, पीठ मळलं आणि एक भाकरी थापली, उभ्यानं. तिचा आवाज मला अजून आठवतो, घट्ट, एकसारखा. भाकरी तव्यावर टाकून त्या बाहेर जाऊन बसल्या. मला वाटलं, आता तरी एक शब्द बोलतील. त्या धरणगावला निघून गेल्या.

चौरंग

श्रावण लागला. धरणगावहून काही निरोप नाही. मी ठरवलं होतं की विचारायचं नाही. ज्या घरात मला उभं राहून जगायचंय, तिथे देवीपुढे मात्र मी दुसऱ्याच्या हातचे रोट खायचे, हे मला सोसत नव्हतं. पण देवीशी हुज्जत कशी घालणार?

नागपंचमीच्या आधी एका दुपारी अक्का एस.टी.नं आल्या. एकट्या. डोक्यावर कपड्यात बांधलेलं बोचकं होतं. ते त्यांनी अंगणातल्या माझ्या कामाच्या फळीवर ठेवलं आणि सोडलं. आत कानबाईचा चौरंग. ह्यांच्या आजीच्या वेळचा, सागवानी, हळदीकुंकवानं चारही कोपरे लाल-पिवळे झालेले, पाय वीतभर.

"याना पाय लांब करी दे," अक्का म्हणाल्या. "तुन्हा टेबलएवढा."

मला समजेना.

"तुले वाकता येस नही ना? मंग कानबाईलेच वर बसाडूत."

ह्या बाईनं माझं मलमूत्र काढलं होतं, तेव्हाही मी त्यांच्यासमोर रडले नव्हते. तेव्हा रडले. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या, रविवार आलाय, कामाला लाग.

त्या चौरंगाला करवत लावायच्या आधी मी हात जोडून त्याची माफी मागितली, हे कबूल करते. घराण्यातल्या किती बायकांनी त्याच्यापुढे डोकं टेकलं असेल. जुने पाय मी कापले नाहीत. वखारीतून आणलेल्या सागातले तुकडे शिल्लक होते, त्यांचे चार लांब पाय केले आणि जुन्या पायांना आतून खाच पाडून जोडले, पाचर मारली. ह्यांनी मदतीला हात पुढे केला तर अक्कांनी त्यांना बाजूला केलं. हे तिचं काम आहे, म्हणाल्या. रात्रंदिवस मनात एकच होतं की डुगडुगायला नको. शनिवारी चौरंग उभा केला. अक्कांनी त्यालाही तळवे लावून हलवून पाहिलं. हलला नाही.

रविवारी भावकी आली. धाकटी जाऊ आल्या आल्या टेबलापाशी गेली, पदर खोचला आणि म्हणाली, वहिनी, लाटणं कुठंय? कमरेला बरं पडतंय हे. आम्ही दोघींनी उभ्यानं रोट लाटले. कानबाई नथ घालून, हिरवं लुगडं नेसून चौरंगावर बसली, माझ्या टेबलाच्या उंचीला. मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, फूल ठेवलं. एकदाही वाकावं लागलं नाही. देवीचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं.

भावकीतल्या एका म्हाताऱ्या चुलत सासूबाई दारातून आत आल्या आणि थबकल्या. चौरंग कधी इतका वर त्यांनी पाहिला नव्हता. सगळ्या बायकांच्या देखत त्यांनी अक्कांना विचारलं, "कानबाई एवढी वर काबर बसाडी?"

मी हातातली वाटी खाली ठेवली.

अक्का वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "काबर म्हंजे? मन्ही सून उभी शे."

मग त्या उठल्या आणि आरतीचं ताट त्यांनी माझ्या हातात दिलं.